मदत हवी आहे: शेततळ्यातलं डकवीड (पाण्यावर तरंगणारं बारीक तण) कोंबड्यांना किती द्यावं?

शेततळ्यावर हिरवी साय धरलीय. अझोला (चाऱ्यासाठी वाढवतात ते तरंगतं नेचं) नाही, मसुरीच्या डाळीएवढी पानं, खाली एकेकच पांढरं मूळ, म्हणजे डकवीडच. गोठ्याचं पाणी तळ्यात उतरायचं, ते महिन्यापूर्वी वळवलं. मच्छरदाणीने तीनदा काढलं, आठवड्यात पुन्हा जैसे थे. पहाटे रोहू-कटला हवेसाठी वर येऊन तोंड उघडतात. मासे असल्याने तणनाशक नको. कारखान्याचं सांडपाणी जवळपास नाही.

वाळवल्यावर प्रथिनं भरपूर, पण ओलं म्हणजे नव्वद टक्क्यांवर पाणीच! चाळीस गावरान कोंबड्या आहेत, रोज मका-भरडा देतो. ज्यांनी प्रत्यक्ष खाऊ घातलंय त्यांनी सांगा: गोठ्याच्या पाण्यावर वाढलेलं हे ओलं द्यावं की वाळवून, आणि भरड्यात किती मिसळावं?