डेलीतलं दुपारचं जेवण : तुमचे अनुभव लिहा

न्यू जर्सीत २००६ साली आले तेव्हा ऑफिसपासून चालत जाण्यासारखी खायची एकच जागा होती, कोपऱ्यावरची डेली, म्हणजे मांस-चीज कापून सँडविच बनवून देणारं दुकान. काचेआड टर्की-हॅमचे मोठाले गोळे, चीजचे ठोकळे, बटाट्याचं आणि कोबीचं सॅलड. पहिल्या दिवशी माझा नंबर लागला आणि काउंटरवरच्या काकांनी एका दमात विचारलं: पाव कुठला, चीज कुठलं, मेयो की मोहरीचा सॉस, कांदा-टोमॅटो घालू का, गरम करू का. मागे बारा-पंधरा माणसं, सगळ्यांना अर्ध्या तासाची सुट्टी. मला एक शब्द सुचेना. काकांनी जराही घाई केली नाही. एकेक पाव उचलून दाखवला, चीजचा पातळ काप कागदावर ठेवून चाखायला दिला. जिऱ्यासारखे दिसणारे कॅरवेचे दाणे घातलेला राय ब्रेड, स्विस चीज, झणझणीत मोहरी आणि कांदा. आजही मी तेच मागते. त्या काकांचे उपकार मी विसरलेले नाही.

तुमच्याही डेलीबद्दल लिहा ना. काय खाता, पहिल्यांदा काय गोंधळ झाला, सगळं.

---

छान धागा! मी फिलाडेल्फियाजवळ असतो. इथे त्या लांब पावाच्या सँडविचला होगी म्हणतात, तुमच्याकडे सब, न्यूयॉर्कात हिरो. बदली होऊन इथे आलो तेव्हा मी सबच मागत राहिलो. त्यांना कळायचं, पण दर वेळी शब्द सुधारून द्यायचे.

---

शाकाहारी मंडळींसाठी लिहिते. चीज सँडविच मागितलं की आपण निर्धास्त होतो, पण ज्या यंत्रावर हॅम कापतात त्यावरच बरेचदा चीजही कापतात. एका डेलीत मी हातमोजे बदलायला सांगितले तर काउंटरवरच्या माणसाने रांगेसमोर मोठ्याने सुस्कारा सोडला. इतकं लागलं मनाला की पैसे न देता बाहेर पडले. पुढच्या गल्लीतल्या डेलीत तेच सांगितलं तर त्यांनी मोजे बदलले, सुरी धुतली, नवा कागद अंथरला. आठ वर्षं तिथेच जाते आहे. आणखी एक, प्रोव्होलोनसारख्या कित्येक चीजमध्ये वासराच्या पोटातलं रेनेट (दूध गोठवणारा पदार्थ) असतं. कडक पाळत असाल तर विचारून घ्या, लाजू नका.

---

लोणच्याबद्दल कुणीच कसं लिहिलं नाही? जुन्या पद्धतीच्या ज्यू डेलीत काकडी व्हिनेगरात नाही, मीठपाण्यात मुरवतात. सोबत लसूण आणि शेपू. थोडे दिवस मुरलेली ती हाफ-सावर, हिरवीगार आणि करकरीत. जास्त मुरली की फुल-सावर, रंग उतरलेली आणि सणसणीत आंबट. आईच्या खारातल्या मिरच्यांची चव मला परदेशात फक्त तिथे भेटली. लहानपणी शेपूची भाजी केली की मी ताटावरून उठायचो, आणि आता आधी लोणच्याची वाटी संपवतो.

---

मॅनहॅटनला गेलात तर कॅट्झ डेलीला जाच. ह्यूस्टन स्ट्रीटवर आहे, १८८८ पासूनचं. दारात प्रत्येकाला तिकीट देतात, खाल त्याची नोंद त्यावर होते आणि काही घेतलं नाही तरी बाहेर पडताना ते परत द्यावं लागतं. तिथली पास्ट्रामी म्हणजे मसाला लावून मुरवलेलं, धुरावलेलं आणि मग वाफवलेलं बीफ. मी बीफ खात नाही, टर्की घेतो, पण तो कारागीर हाताने सपासप काप काढतो ते बघायला मला रांग आवडते.

---

मी काउंटरच्या पलीकडची. २०१५ साली एच-४ वाल्यांपैकी (म्हणजे एच-१बी व्हिसावर नोकरी करणाऱ्यांच्या जोडीदारांपैकी) काहींना कामाची परवानगी मिळू लागली, ती मिळाल्यावर मी पहिली नोकरी डेलीत केली. बारा ते दीड डोकं वर काढायला फुरसत नसायची. क्वार्टर पाउंड, म्हणजे ११३ ग्रॅम, काटा न बघता हाताला कळायला महिना लागला. तेल-व्हिनेगर पावावर नाही, सॅलडच्या पानांवर घालायचं, नाहीतर गिऱ्हाईक ऑफिसात पोचेपर्यंत पाव भिजून लगदा होतो.

एकदा एक आजी-आजोबा काचेसमोर उभे होते. आजोबा हळूच म्हणाले, "अगं, त्या पांढऱ्यात अंडं असेल का?" मी आतून म्हटलं, "हो काका, मेयोनेजमध्ये अंडं असतं. मोहरी लावून देऊ?" आजींनी काचेवरून हात पुढे करून माझा हात धरला. मुलाकडे सहा महिन्यांसाठी आले होते. त्यानंतर आठवड्यातून दोनदा तरी आजोबा यायचे, रांगेत शांत उभे राहायचे आणि नंबर आला की म्हणायचे, "पोरी, आमचं नेहमीचं दे."