फिलाडेल्फियातलं 1880 च्या सुमाराचं रो-हाउस: विटांच्या दरजा कशाने भरायच्या?

विटकरी
घर शहराच्या हेरिटेज यादीत आहे, नॅशनल रजिस्टरच्या (केंद्र सरकारच्या ऐतिहासिक वास्तूंच्या यादीतल्या) डिस्ट्रिक्टमध्येही येतं. दर्शनी भिंतीच्या दरजा आधीच्या मालकाने सिमेंटने भरल्यात. आता सिमेंट शाबूत आणि विटांच्याच खपल्या पडतायत. कंत्राटदार म्हणतो, पुन्हा सिमेंट भरू, वर वॉटरप्रूफ कोट मारू. करू का? परवानगी कुणाची लागते? आणि ऐतिहासिक इमारतींच्या दुरुस्तीसाठीचं ते 20 टक्के फेडरल टॅक्स क्रेडिट मिळेल का?

चुनागच्ची
कोटाचं नावही काढू नका. त्या काळच्या विटा मऊ आणि मसाला चुन्याचा; भिंतीत मुरलेली ओल दरजांवाटे वाळून जायची. सिमेंटने ती वाट बुजली. आता ओल विटेतून निघते, हिवाळ्यात तिथेच गोठून फुगते आणि विटेचा कडक भाजलेला पापुद्रा उडवते. कोट मारलात तर ओल आतच कोंडेल.

मसाला विटेपेक्षा मऊच हवा. तयार मिळणारा टाइप एन (1 सिमेंट, 1 चुना, 6 रेती) अशा विटांना बहुधा कडक पडतो. टाइप ओ (1:2:9) किंवा नुसता चुना-रेती बघा. दरजेच्या रुंदीच्या दोन ते अडीचपट खोल उकरायचं, तेही हातछिन्नीने. उभ्या दरजा आखूड असतात, तिथे ग्राइंडर वरखालची वीट हमखास कापतो. मग दरज धुवून, वीट ओलसर असतानाच पाव-पाव इंचाचे थर द्या. अंगठ्याचा ठसा उठेल इतपत थर आवळला की पुढचा. नंतर काही दिवस ओलं गोणपाट. गोठणाऱ्या थंडीत हे काम काढूच नका.

फायलीतला
नॅशनल रजिस्टर तुम्हाला अडवत नाही. स्वतःच्या पैशाने खाजगी घरात काय करता, यावर त्याचं बंधन नसतं. अडवतो तो शहराचा कायदा. बाहेरून दिसणाऱ्या कामाचं परमिट हिस्टॉरिकल कमिशनच्या नजरेखालून जातं. स्वतः राहत असाल तर ते फेडरल क्रेडिट विसरा, ते भाड्याच्या किंवा धंद्याच्या इमारतीलाच आहे. भाड्याने देणार असाल तर कामाला हात लावण्याआधी क्रेडिटच्या अर्जाचा पार्ट 2, म्हणजे काय काम करणार त्याचं वर्णन, मंजूर करून घ्या. शिवाय नुसत्या दरजा भरून भागत नाही, खर्चाची किमान अट बरीच मोठी आहे.

विटकरी
मग सगळंच सिमेंट उकरायचं?

चुनागच्ची
नाही. जिथे ते विटेला घट्ट धरून बसलंय तिथे काढताना विटेच्या कडाच जातील. सैल झालेलं, तडकलेलं आणि खपल्या पडणाऱ्या विटांभोवतीचं तेवढं काढा. आधी हातभर जागेत नमुना करून वाळू द्या, रंग वाळल्यावरच कळतो. आणि वरचं पन्हाळ गळतंय का ते बघा. ते गळत असेल तर चुनाही टिकणार नाही.