आरोग्य कायद्याचं प्रत्यक्ष काम कुठे शिकायला मिळेल?

प्रश्न: एलएलबीच्या दुसऱ्या वर्षाला आहे, पुण्यात. आई नर्स, त्यामुळे वॉर्ड लहानपणापासून पाहिलेत. निष्काळजीपणाचे निकाल वाचते, पण हाताला काम कुठे मिळेल?

उत्तर: जिल्हा ग्राहक आयोगात जाऊन बस. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९५ च्या व्ही. पी. शांता निकालापासून पैसे घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्यात येते.

उत्तर: मी धर्मादाय रुग्णालयांच्या प्रकरणांतून शिकलो. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियमाचं कलम ४१ कक आणि त्याखालची योजना: १० टक्के खाटा निर्धनांना मोफत, १० टक्के दुर्बल घटकांना सवलतीत. एका रिक्षावाल्या काकांना ‘खाट शिल्लक नाही’ म्हणून परत पाठवलं होतं. त्यांच्या कापडी पिशवीत रेशनकार्ड, तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला आणि घामाने ओली झालेली औषधांची बिलं. सगळे कागद फरशीवर तारखेनुसार मांडले, धर्मादाय सहआयुक्तांना अर्ज लिहिला, तेव्हा कुठे मला ते कलम कळलं. वर्गात दोनदा वाचलं होतं तरी! युक्तिवाद नंतर, आधी अर्ज लिहायला शीक.

उत्तर: आणि केसपेपर वाचायला आईकडूनच शीक. रुग्णाने मागितल्यावर ७२ तासांत नोंदी द्याव्या लागतात, हे भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या विनियमांत आहे. पण वकिलांनाही डॉक्टरांचं ते अक्षर लागत नाही.

प्रश्नकर्ती: मनापासून आभार. सोमवारी आयोगात जाते. आईला आजच बसवलंय.