रविवारचे पाहुणे की रविवारची मिस्सा?

वेंगुर्ल्याची_सून: नमस्कार. आमचा वेंगुर्ल्याजवळ छोटा होमस्टे आहे, घराच्याच मागे खोल्या काढल्यात. शनिवार-रविवार फुल असतो आणि रविवारी सकाळी सगळ्यांना घावणे-चटणी, चहा, मग चेकआउट, मग चादरी, यात सकाळची मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, हमखास राहते. संध्याकाळी जपमाळ हातात घेतली की नेमका बुकिंगचा फोन वाजतो. खोल्या कर्ज काढून बांधल्यात, हप्ता थांबत नाही. सासूबाई बायबलमधलं मत्तय ६:३३ ऐकवतात, आधी देवाचं राज्य बघा, बाकीचं तो देईल. पटतं हो, पण पावसात कोण येतंय इकडे, जे काय कमवायचं ते सीझनलाच. तुम्ही कसं जमवता? प्रवचन नको, रोजचं सांगा.

वसईची_वाडी: ताई शनिवार संध्याकाळची मिस्सा धरा. ती रविवारचीच धरतात, चर्चच्या कायद्यात कलम १२४८ मध्ये आहे. माझी रविवारी ड्युटी लागली की मी तेच करतो. आजारपण, तान्हं बाळ असेल तर तशीही सूट असते, चादरींना नाही 😄 आणि जपमाळेच्या वेळी फोन दुसऱ्या खोलीत ठेवायचा बस. ज्याला यायचंय तो परत करेल फोन.

दर्यावर्दी: आमचं मासेमारीचं. १ जून ते ३१ जुलै बंदी, तेव्हा बघा आमच्याकडे सगळे कसे भक्त होतात, रोज चर्च, रोज जपमाळ, आणि ऑगस्टला बोटी सुटल्या की फादर एका बाजूला आणि आम्ही दुसऱ्या बाजूला. म्हणून मला ते सीझन संपल्यावर बघू वालं गणित पटत नाही. लूक १२ मधला तो शेतकरी आठवा, त्याने चोरी केली नव्हती, कुणाला लुबाडलं नव्हतं, पीक चांगलं आलं म्हणून जुनी कोठारं पाडून मोठी बांधायला निघाला एवढंच. तरी देव त्याला मूर्ख म्हणतो. त्याचं बोलणं नीट वाचा, सगळं माझं पीक, माझी कोठारं, माझा जीव, त्यात दुसरं माणूसच नाही. आमची बोट रविवारी जात नाही, तोटा होतो, होऊ दे.

रत्नांग्रीकर: बोट स्वतःची असेल तर हे बोलायला सोपं. हप्ता वेळेवर भरणं पण देवाचंच काम आहे हो. बायबलमधला प्रेषित पौल स्वतः तंबू शिवायचा, कुणावर भार नको म्हणून रात्रंदिवस राबलो असं थेस्सलनीकाकरांना लिहितो. गरिबीचं कौतुक बहुतेक पोट भरलेलेच करतात. नीतिसूत्रे ३० मधली प्रार्थना मला आवडते, दारिद्र्य नको, श्रीमंतीही नको, लागेल तेवढं अन्न दे. मला ताईंना एवढंच विचारायचंय की कर्ज फिटल्यावर अजून दोन खोल्या वाढवायचा प्लॅन आहे का? असेल तर मग अडचण हप्त्याची नाही.

माडाखालचो: बाय, माका एक विचारूचा हा. सकाळी घावणे कोण घालता? तू एकटी की कामाक कोण बाई येता? तुझ्या मिस्सेचा सगळे बोलतत, त्या बाईक सुट्टी कधी? बायबलातलो अनुवाद ५:१४ वाच, विसावा मालकाक नाय नुसतो, दास-दासीक, बैलाक, गाढवाक सुद्धा. ती चर्चात जाणारी नसली तरी तिका घर आसा.

दर्यावर्दी: हे बरोबर बोललात. आमच्या खलाशांचा वाटा पण बुडतो रविवारी, ते मला कुणी विचारलं नव्हतं आजपर्यंत.

वेंगुर्ल्याची_सून: सगळ्यांचे आभार. शनिवारी संध्याकाळी आमच्या चर्चमध्ये मिस्सा नसते, बाजूच्या गावात असते का विचारते, पण शनिवारी संध्याकाळी चेक-इन असतात तेही बघायला लागेल, यजमानांना बसवीन. फोनचं आजपासूनच. रत्नांग्रीकर, हो, प्लॅन आहे, प्लंबर येऊन माप पण घेऊन गेलाय 🙈. आणि कामाला एक काकी येतात, सातही दिवस, पगार वेळेवर देतो पण सुट्टीचं त्यांनी कधी मागितलं नाही आणि आम्ही कधी काढलं नाही. त्यांना सोमवार द्यायचा म्हटला तर जमेल, पण त्यांचा मुलगा गोव्याला कामाला आहे, तो येतो रविवारीच.