बिल क्रमांकाला शेपूट का फुटतं?

प्रश्न: इंदूरच्या क्लॉथ मार्केटमधल्या आमच्या ठोक दुकानाची बिलं पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये आहेत. पायथनच्या पांडाज लायब्ररीतल्या ‘रीड_एसक्यूएल’ने डेटाफ्रेममध्ये (पांडाजच्या तक्त्यात) घेतली, की परतीच्या बिलाचा क्रमांक १०४२ ऐवजी १०४२.० दिसतो. शिवाय सगळी वर्षं एकदम ओढली की लॅपटॉप मान टाकतो. थोड्या थोड्या ओळी आणण्यासाठी ‘चंकसाइज’ देऊनही तेच!

उत्तर: त्या रकान्यात कुठेतरी नल, म्हणजे रिकामी नोंद, असणार. साध्या पूर्णांकात नल बसत नाही, म्हणून रकान्याचा फ्लोट (दशांश संख्या) होतो. रीड_एसक्यूएलमध्ये ‘डीटाइप_बॅकएंड’ला ‘नमपाय_नलेबल’ द्या, म्हणजे नल असूनही पूर्णांक राहतो. पांडाज २.० किंवा पुढचं हवं.

दुसरं उत्तर: भाऊ, नुसत्या चंकसाइजने काय होणार? पायथनला पोस्टग्रेसशी जोडणारं सायकोपीजी२ सगळा निकाल आधीच मेमरीत ओढून ठेवतं. एसक्यूएलअल्केमी या लायब्ररीच्या कनेक्शनवर ‘स्ट्रीम_रिझल्ट्स’ ट्रू करा, म्हणजे निकाल तुकड्या-तुकड्याने येईल. बेरजाच हव्या असतील तर ‘ग्रुप बाय’ने (गटवार बेरीज) डेटाबेसमध्येच उरका.

प्रश्नकर्ता: शेपूट गेलं, आभार! ग्रुप बाय मात्र नको. काकांना एकेका साडीचं बिल बघायचं असतं.