मतदान गेलं कुठे?
एकाने विचारलंय, न्यू जर्सीत शाळांसाठी एवढा मालमत्ता कर घेतात, मग बजेटवर मतदान का नाही? पूर्वी एप्रिलमध्ये व्हायचं. 2012 च्या कायद्याने स्कूल बोर्डाची निवडणूक नोव्हेंबरला नेणाऱ्या स्कूल डिस्ट्रिक्टना (म्हणजे एका भागातल्या सरकारी शाळा चालवणाऱ्या संस्थांना) सूट मिळाली: करवाढ 2 टक्क्यांच्या मर्यादेत असेल तर मतदान नाही.

खरी गोची लहान डिस्ट्रिक्टची. 2018 च्या कायद्यानंतर अनेकांची राज्याकडून येणारी मदत टप्प्याटप्प्याने घटली; विमा आणि बसचा खर्च काही 2 टक्क्यांचं ऐकत नाही. आमच्याकडे मार्चमधल्या बजेटच्या सभेला समोर बोर्डाचे बिनपगारी सदस्य आणि खुर्च्यांवर मोजून 7 पालक! वाचन शिकवणाऱ्या बाईंचं पद गेलं, तेव्हा कुठे हॉल भरला. आणि अशा लहान शाळांच्या परीक्षेच्या निकालाच्या सरासरीवर फार जाऊ नका. वर्गात 14 मुलं असली की दोघांच्या मार्कांनी आकडा हलतो.