बीपी घरी मोजलं की दरवेळी वेगळं का येतं?

प्रश्न: आधी १५२/९४, दोन मिनिटांनी १३८/८६. मशीन बिघडलंय का?

उत्तर १: मशीन ठीक असावं, पहिलं रीडिंग बहुधा चढंच येतं. पाठ टेकून पाच मिनिटं गप्प बसा (गप्प म्हणजे फोनही नको), पाय जमिनीवर, दंड हृदयाच्या पातळीत. चहा-सिगारेटनंतर अर्धा तास थांबा. सकाळ-संध्याकाळ दोन-दोनदा, सात दिवस मोजा. पहिला दिवस सोडून सरासरी काढा.

उत्तर २: पट्टा दंडाला तोकडा पडत असेल तरी आकडा फुगतो. हे कुणी बघतच नाही. लघवी तुंबलेली असतानाही तेच.

उत्तर ३: सरासरी १३५/८५ किंवा वर आली तर डॉक्टरांना दाखवा. मीठ दिवसाला ५ ग्रॅमच्या आत, म्हणजे सपाट छोटा चमचा. पोटॅशियमवालं मीठ मात्र मूत्रपिंडाचा विकार असल्यास विचारल्याशिवाय नको.